कार्बनी फॉस्फरस विषांवरील उतारे

कार्बनी फॉस्फरस विषांवरील उतारे : शेतीत वापरली जाणारी अनेक कीटकनाशके आणि युद्धासाठी तयार करण्यात आलेली तंत्रिका विषे (मज्जातंतूंच्या कार्यात बिघाड करणारी विषे) ही रासायनिक दृष्ट्या एकाच कुळातील, म्हणजे कार्बनी फॉस्फरस संयुगांच्या कुळातील, द्रव्ये होत. त्यांच्या विषबाधेवर ॲट्रोपीन आणि ऑक्झाइमे (मुख्यतः प्रॅलिडॉक्झाइम) ही दोन प्रकारची औषधे उतारा म्हणून देतात. पहिले औषध एकोणिसाव्या शतकात वनस्पतिज अल्कलॉइडांच्या अभ्यासातून, तर दुसरे विसाव्या शतकाच्या मध्यास एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) संशोधनातून पुढे आले. त्यांच्या मात्रा प्रथम ठरविण्यात आल्या त्या प्रयोगशाळेतील प्राणी व रणांगणावरील सैनिक डोळ्यांसमोर ठेवून. प्रत्यक्षात मात्र त्यांची सर्वांत अधिक गरज भासली ती दक्षिण आशियातील शेतकरी कुटुंबांना. हे अंतर कसे लक्षात आले व ते कितपत भरून निघाले, हा या उताऱ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे. कोल्हापूरपासून पुणे जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या पश्चिम महाराष्ट्रातील बागायती प्रदेशाचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. या प्रदेशाने ही विषबाधा मोठ्या प्रमाणावर अनुभवली आणि तिच्या उपचारांविषयीची एक महत्त्वाची चाचणीही याच प्रदेशात, बारामती येथे, झाली.

विषाची क्रिया : तंत्रिकांकडून स्नायू व ग्रंथी यांच्याकडे जाणारा संदेश अनेक ठिकाणी ॲसिटिलकोलीन या रासायनिक द्रव्यामार्फत पोहोचविला जातो. सर हेन्री हॅलेट डेल यांनी १९१४ मध्ये या द्रव्याच्या क्रियांचे वर्णन केले आणि ओटो लोव्ही यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांनी रासायनिक संदेशवहनाचा पुरावा दिला. या कार्याबद्दल दोघांना १९३६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संदेश पोहोचताच ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम ॲसिटिलकोलिनाचे विघटन करते व पुढील संदेशासाठी जागा मोकळी होते. कार्बनी फॉस्फरस संयुगातील फॉस्फरसयुक्त गट या एंझाइमाच्या क्रियाशील स्थानाला घट्ट चिकटतो व एंझाइम निकामी होते. परिणामी ॲसिटिलकोलीन साचत जाते. लाळ, अश्रू व घाम यांचा अतिरेकी स्राव, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, नाडी मंदावणे, स्नायूंची फडफड व नंतर दुर्बलता ही लक्षणे दिसतात. श्वासनलिकांत साचलेला स्राव, श्वसनाच्या स्नायूंचा पक्षाघात आणि मेंदूतील श्वसनकेंद्राचे मंदावणे या तिहेरी कारणाने श्वास बंद पडून मृत्यू ओढवतो. कार्बामेट वर्गातील कीटकनाशकेही याच एंझाइमावर क्रिया करतात. पण त्यांचा बंध काही काळाने आपोआप सुटतो.

ॲट्रोपीन : विषाला विषच उतारा ठरू शकते, ही कल्पना भारतीय परंपरेत जुनी आहे. या औषधाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली. महाराष्ट्रात सर्वत्र उगवणाऱ्या धोत्र्यात व यूरोपातील बेलाडोना या वनस्पतीत आढळणारी अल्कलॉइडे स्वतःच तीव्र विषारी आहेत. प्रवाशांना गुंगवून लुटण्यासाठी धोत्र्याच्या बियांचा वापर होत असल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील भारतीय न्यायवैद्यकात विपुल आहेत. बेलाडोनापासून शुद्ध ॲट्रोपीन १८३०–४० या दशकात वेगळे करण्यात आले. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार भागात संशयितांची ‘दिव्य’ परीक्षा घेण्यासाठी एका वेलीच्या बिया खाऊ घालीत. तीतील फायसोस्टिग्मीन हे अल्कलॉइड १८६४ मध्ये वेगळे करण्यात आले. एडिंबरो येथील टॉमस फ्रेझर यांनी १८७० च्या सुमारास ॲट्रोपीन व कॅलाबार बियांचे विष एकमेकांच्या क्रिया खोडून काढतात, हे प्राण्यांवरील पद्धतशीर प्रयोगांनी दाखविले. फायसोस्टिग्मीन हे कोलिनेस्टरेजाला अडविणारे द्रव्य आहे, हे त्या वेळी ज्ञात नव्हते. त्यामुळे ज्या विषांचा अजून शोधही लागलेला नव्हता, त्यांच्यावरील उतारा वैद्यकाच्या हाती जवळजवळ सत्तर वर्षे आधीच आला होता.

ॲट्रोपीन हे एंझाइमाला मुक्त करीत नाही. साचलेले ॲसिटिलकोलीन ज्या ग्राहींवर (पेशीपृष्ठावरील स्वीकारकेंद्रांवर) क्रिया करते, त्यांपैकी एका वर्गाच्या ग्राही ते व्यापून टाकते. त्यामुळे स्राव आटतो, श्वासनलिका मोकळ्या होतात व नाडी सुधारते. स्नायूंची दुर्बलता मात्र त्याने कमी होत नाही. या मर्यादेतूनच दुसऱ्या उताऱ्याची गरज निर्माण झाली.

तंत्रिका विषे व कीटकनाशके : बर्लिन येथे व्हिली लांगे व गेर्डा फोन क्रूगर यांनी १९३२ मध्ये काही फॉस्फरस संयुगांच्या वाफेने श्वास कोंडणे व दृष्टी अंधुक होणे हे परिणाम नोंदविले. गेर्हार्ट श्राडर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ नव्या कीटकनाशकांचा शोध घेत असता १९३६ मध्ये त्यांना टाबून व १९३८ मध्ये सारिन ही संयुगे मिळाली. मानवावरील तीव्र परिणामांमुळे ती लष्कराच्या ताब्यात गेली. सोमान १९४४ मध्ये तयार झाले. त्याच संशोधनातून पॅराथिऑन हे कीटकनाशक निघाले व युद्धानंतर ते जगभर शेतीत पसरले. शस्त्र व शेती-औषध यांचा उगम असा एकाच प्रयोगशाळेत आहे. दोहोंत महत्त्वाचा फरक आहे तो शरीरातील वास्तव्याचा. सारिनसारखे विष अत्यल्प प्रमाणात व वेगाने मारक ठरते. परंतु रुग्ण पहिल्या काही तासांत वाचल्यास ॲट्रोपिनाची गरज लवकर संपते. उलट कीटकनाशक बहुधा पोटात मोठ्या प्रमाणात गेलेले असते, त्यांपैकी अनेक शरीरातील मेदात साठून हळूहळू रक्तात उतरतात आणि काहींचे यकृतात अधिक विषारी द्रव्यात रूपांतर होते. अशा रुग्णाला कित्येक दिवस उतारा द्यावा लागतो.

ऑक्झाइमे : न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड नाखमनसोन व आयर्विन विल्सन हे ॲसिटिलकोलिनेस्टरेजाच्या रचनेचा अभ्यास करीत होते. फॉस्फरसयुक्त गट एंझाइमापासून ओढून काढता येईल, असे विल्सन यांना १९५१ च्या सुमारास हायड्रॉक्सिलअमाइनावरील प्रयोगांत आढळले. एंझाइमाच्या क्रियाशील स्थानाजवळ नेमका बसेल असा धन विद्युत् भाराचा रेणू निवडून त्यांनी व सारा गिन्सबर्ग यांनी १९५५ मध्ये प्रॅलिडॉक्झाइम (पॅम) तयार केले. त्याच वर्षी ब्रिटिश संशोधकांच्या एका गटानेही स्वतंत्रपणे त्याचे गुण दाखविले. विषाची क्रिया रेणूच्या पातळीवर समजून घेऊन तर्काने उतारा रचण्याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण मानतात. जपानमध्ये भातशेतीतील पॅराथिऑन विषबाधेच्या रुग्णांवर टाट्सुजी नांबा व हिराकी यांनी ते वापरले व त्यांचे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६०–७० या दशकात जर्मनीत ओबिडॉक्झाइम व एचआय-६ ही पुढील ऑक्झाइमे आली.

ऑक्झाइमांना काळाची मोठी मर्यादा आहे. फॉस्फरसयुक्त गट एंझाइमाला चिकटल्यानंतर काही वेळाने त्यातील एक भाग गळून पडतो व उरलेला बंध कायमचा होतो. या फेरबदलाला ‘जीर्णन’ असे म्हणता येईल. त्यानंतर ऑक्झाइमाचा उपयोग होत नाही. सोमानच्या बाबतीत जीर्णन काही मिनिटांतच होते. म्हणून १९९१ च्या आखाती युद्धात पायरिडोस्टिग्मीन हे कार्बामेट वर्गातील औषध सैनिकांना आगाऊ देण्यात आले. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांसारख्या दोन मिथिल गट असलेल्या कीटकनाशकांनी अडविलेल्या एंझाइमांपैकी निम्मी सु. ३·७ तासांत जीर्ण होतात. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस यांसारख्या दोन एथिल गट असलेल्यांच्या बाबतीत हाच काळ सु. ३३ तास आहे. म्हणजे बाटलीवरील नावात एका गटाचा फरक असला, तरी उपचारासाठी मिळणारा अवधी अनेक पटींनी बदलतो.

भारतातील प्रारंभ : केरळमध्ये १९५८ साली पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठामुळे शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धान्य व कीटकनाशक यांची एकत्र वाहतूक हे याचे कारण होते. केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. कीटकनाशक अधिनियम १९६८ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम १९७१ मध्ये लागू झाले. वेष्टनावर विषारीपणाचा दर्जा दाखविणारा रंगीत चौकोन, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा यांची माहिती छापणे त्यांनी बंधनकारक केले. उत्पादक व विक्रेते यांनी प्रथमोपचाराची साधने आणि उतारे यांचा पुरेसा साठा ठेवावा, अशीही तरतूद त्यांत आहे. कायद्याने उताऱ्याचे नाव अशा रीतीने खेड्यातील दुकानापर्यंत पोहोचविले. उतारा देणारी सोय मात्र तितक्या वेगाने पोहोचली नाही.

कोल्हापूर परिसर : कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाल्यानंतर ते पूर्णत्वास गेले. पंचगंगा व तिच्या उपनद्या, वारणा, दूधगंगा व वेदगंगा यांच्या पाण्यावर, तसेच ‘कोल्हापूर पद्धतीचे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या बंधाऱ्यांच्या आधारे, ऊस हे जिल्ह्याचे प्रमुख पीक झाले. गुऱ्हाळांच्या जोडीला सहकारी साखर कारखाने उभे राहिले. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे ऊस व खोडवा घेतला जाऊ लागल्यावर मुळे खाणारी हुमणी व खोडकिडा यांचा उपद्रव शेतकऱ्यांची कायमची चिंता बनला. त्यांवर फोरेट हे दाणेदार कार्बनी फॉस्फरस कीटकनाशक (शेतकऱ्यांच्या बोलण्यातील ‘थिमेट’) अनेक दशके वापरात होते. भाजीपाला व भात यांवर फवारण्याची द्रव कीटकनाशकेही घरोघरी आली. ती बहुधा राहत्या घरात, धान्य व अवजारे यांच्याशेजारी ठेवली जात. या विषबाधेचे रुग्ण मुख्यतः तीन प्रकारचे असतात : फवारणी करताना श्वासावाटे व त्वचेवाटे विष गेलेले, चुकून, विशेषतः बालवयात, विष पोटात गेलेले, आणि संतापाच्या किंवा निराशेच्या भरात ते घेतलेले. गंभीर रुग्णांत तिसऱ्या प्रकारच्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. त्यांपैकी पुष्कळांचा निर्णय क्षणिक आवेगातला असतो. म्हणून घरात असलेले द्रव्य किती विषारी आहे व रुग्णालय किती दूर आहे, यांवरच बहुधा जीव वाचणे अवलंबून असते.

जिल्ह्यातील असे रुग्ण प्रामुख्याने कोल्हापूर येथील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (पूर्वीचे ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालय) आणले जातात. हे रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून तळकोकण व सीमाभागातील रुग्णही तेथे येतात. चंदगडसारखा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून १०० किमी. हून अधिक अंतरावर आहे आणि गगनबावडा, आजरा, भुदरगड या तालुक्यांतील अनेक वाड्या डोंगराळ भागात आहेत. जीर्णनाचा वर दिलेला ३·७ तासांचा आकडा अशा ठिकाणी घाटातील रस्ता, वाहन मिळण्यास लागणारा वेळ व वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्रातील ॲट्रोपिनाचा साठा यांच्याशी जोडूनच वाचावा लागतो.

बारामती येथील चाचणी : प्रॅलिडॉक्झाइमाच्या शोधानंतर चार दशके उलटूनही त्याची योग्य मात्रा कोणती, हे निश्चित नव्हते. रक्तातील त्याचे प्रमाण दर लिटरला किमान ४ मिग्रॅ. असावे, हा दीर्घकाळ प्रचलित असलेला दंडक १९६१ मध्ये मांजरांवर केलेल्या प्रयोगांवरून आला होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९९०–२००० या दशकात झालेल्या चाचण्यांत ऑक्झाइमाने लाभ झाल्याचे आढळले नाही. त्यांतील मात्रा अपुरी होती, असा आक्षेप त्यांवर घेण्यात आला. या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातील बारामती येथील गिरिराज रुग्णालयात डॉ. कीर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे व त्यांचे सहकारी यांनी २०० रुग्णांवर चाचणी केली. सर्वांना प्रारंभी २ ग्रॅम प्रॅलिडॉक्झाइम नीलेतून देण्यात आले. त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छ निवडीने शंभर रुग्णांना दर चार तासांनी १ ग्रॅम, तर उरलेल्या शंभरांना दर तासाला १ ग्रॅम याप्रमाणे सतत ४८ तास औषध मिळाले. पहिल्या गटात मृत्यूचे प्रमाण ८ टक्के, तर दुसऱ्यात १ टक्का होते. श्वासनलिकेत नळी घालण्याची गरज अनुक्रमे ८८ व ६४ टक्के रुग्णांना पडली. पहिल्या २४ तासांतील ॲट्रोपिनाची गरज (मध्यका) ३० मिग्रॅ. वरून ६ मिग्रॅ. वर आली व कृत्रिम श्वसनावर राहावे लागण्याचा काळही कमी झाला. हे निष्कर्ष २००६ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तालुक्याच्या गावातील रुग्णालयातून निघालेल्या या कार्याने आंतरराष्ट्रीय चर्चेची दिशा बदलली.

चर्चा तेथे संपली नाही. श्रीलंकेतील चाचणीत २३५ रुग्णांपैकी ज्यांना प्रॅलिडॉक्झाइम मिळाले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण २४·८ टक्के, तर ज्यांना औषधविरहित द्रावण मिळाले त्यांच्यात १५·८ टक्के आढळले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. पण रक्तातील एंझाइम पुन्हा क्रियाशील होऊनही जीव वाचण्याचे प्रमाण वाढले नाही, ही गोष्ट लक्षणीय होती. दोन चाचण्यांतील विरोधाची कारणे परिस्थितीत शोधली जातात. बारामतीचे रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते, ते लवकर दाखल झाले होते आणि त्यांना अतिदक्षता विभाग व श्वसनयंत्रे उपलब्ध होती. श्रीलंकेतील जिल्हा रुग्णालयांत स्थिती वेगळी होती व विषांचे प्रकारही वेगळे होते. ऑक्झाइमांचा लाभ वा हानी ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असा निष्कर्ष पुढील एकत्रित आढाव्यांतून निघाला. उपचारांत प्रॅलिडॉक्झाइमाला स्थान राहिले आहे. परंतु ते ॲट्रोपीन व श्वसनाचा आधार यांची जागा घेऊ शकत नाही, यावर सर्वसाधारण एकमत आहे.

ॲट्रोपीन देण्याच्या पद्धतीतही याच काळात सुधारणा झाली. ठराविक मात्रा ठराविक अंतराने देण्याऐवजी छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जाणे व नंतर संथ धारेने औषध चालू ठेवणे, या पद्धतीची बांगलादेशातील चितगाव येथे चाचणी झाली (२०१२). तीत मृत्यूचे प्रमाण २२·५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ॲट्रोपीन पुरेसे झाल्याची खूण म्हणून बाहुल्या विस्फारण्याची वाट न पाहता फुप्फुसांतील घरघर थांबणे, काख कोरडी होणे, नाडी व रक्तदाब सुधारणे यांकडे लक्ष दिले जाते. अतिरिक्त मात्रेने भ्रम व ज्वर उद्‌भवतात. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांनी, सुधारणा दिसत असतानाच, मान व श्वसनाचे स्नायू दुर्बळ होण्याची एक अवस्था श्रीलंकेतील सेनानायके व कारलिद्दे यांनी १९८७ मध्ये वर्णिली. तिच्यावर उतारा नाही. श्वसनयंत्र व दक्ष शुश्रूषा यांवरच रुग्ण तरतो.

तंत्रिका विषांचा हल्ला : टोकिओच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी एका पंथाच्या अनुयायांनी सारिन सोडले. डझनाहून अधिक माणसे दगावली व पाच हजारांहून अधिकांनी रुग्णालयांत धाव घेतली. त्या वेळी ॲट्रोपीन व प्रॅलिडॉक्झाइम जपानी रुग्णालयांच्या हाताशी होते, ते बव्हंशी शेतीतील विषबाधेसाठी. सैनिकांसाठी मांडीत स्वतःच टोचून घेण्याच्या स्वयंचलित सुया तयार करण्यात आल्या. भारतात हे काम ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन आस्थापनेने केले. भारत रासायनिक शस्त्रबंदी कराराचा सदस्य असून त्याने आपला शस्त्रसाठा २००९ पर्यंत नष्ट केला. शेतीतील विषांच्या बाबतीत असा कोणताही सर्वंकष करार नाही.

उताऱ्यांच्या मर्यादा व प्रतिबंध : यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथे एकाहून अधिक कीटकनाशके मिसळून फवारली जात होती. डायफेंथियुरॉनसारख्या काही द्रव्यांची क्रिया कोलिनेस्टरेजावर नसल्याने ॲट्रोपीन हा त्यांवर उतारा ठरत नाही. कोणते द्रव्य शरीरात गेले हे कळणे म्हणूनच उपचाराची पहिली पायरी ठरते आणि बाटली वा वेष्टन रुग्णाबरोबर आणणे उपयुक्त असते. बिहारमधील सारण जिल्ह्यात २०१३ मध्ये शालेय भोजनातील मोनोक्रोटोफॉसमुळे २३ मुले दगावली.

अशा घटनांनंतर उताऱ्यापेक्षा विषाची उपलब्धता कमी करण्याकडे लक्ष वळले. श्रीलंकेत पॅराथिऑन व मिथिल पॅराथिऑन १९८४ मध्ये, तर मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्ये बंद झाल्यावर व पुढील बंदींनंतर आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सु. ७० टक्क्यांनी घटले. शेतीच्या उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे आढळले नाही. भारतात २०१८ च्या आदेशाने मिथिल पॅराथिऑन त्याच वर्षी, तर फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस इ. २०२० च्या अखेरीस बंद झाली. मोनोक्रोटोफॉसच्या प्रचलित द्रावणावर २०२३ मध्ये बंदीचा आदेश निघाला. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी संयुगे त्यानंतरही वापरात राहिली. त्यामुळे ऊस, भाजीपाला व कापूस यांच्या प्रदेशांतील ग्रामीण रुग्णालयांत ॲट्रोपिनाचा भरपूर साठा, ऑक्सिजन, श्वसनयंत्र व ते हाताळणारे प्रशिक्षित कर्मचारी यांची आवश्यकता टिकून आहे.